संकल्पांचा सुधारित अंदाज

मनुष्याने आयुष्यात एक ध्येय ठरवावे आणि काही झाले तरी त्यापासून ढळू नये, ही शिकवण आपणां सर्वांच्या कानांवर लहानपणापासून पडत आलेली आहे. ध्रुवाची अढळ निष्ठा, हरिश्चंद्राचे सत्त्व, भीष्मांची प्रतिज्ञा ह्या कथा ज्या देशात घरोघर सांगितल्या जातात, त्या देशात ‘मी माझे ध्येय बदलले’ असे चारचौघांत म्हणणे सोपे नसते. असे म्हणणाऱ्याकडे लोक थोड्या साशंक नजरेने पाहतात. आपल्या भाषेत त्याच्यासाठी एक शब्दही तयार आहे: धरसोड. हा शब्द आपल्याला चिकटू नये म्हणून कित्येक माणसे मनाने केव्हाच सोडून दिलेली ध्येये केवळ लौकिकासाठी वर्षानुवर्षे खांद्यावर वागवीत असतात. ध्येयनिष्ठा हा मोठा गुण आहे ह्याविषयी दुमत नाही. परंतु वय वाढते, प्रकृती बदलते, संसाराचा व्याप बदलतो, ज्या जगात आपण वावरतो ते जगही बदलते. अशा वेळी विसाव्या वर्षी केलेल्या संकल्पाची पंचेचाळिसाव्या वर्षी फेरतपासणी करणे हे निष्ठेला सोडून आहे काय, आणि ती करावयाची तर कोणत्या रीतीने, ह्याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

भीष्मांचीच गोष्ट घेऊ. पित्याला सत्यवतीशी विवाह करता यावा आणि तिच्या पुत्रांच्या राज्याधिकाराला कोणी वाटेकरी उरू नये, म्हणून देवव्रताने राज्याचा आणि विवाहाचा त्याग केला. पुढे सत्यवतीचे दोन्ही पुत्र निपुत्रिक मरण पावले आणि हस्तिनापूरच्या गादीला वारस उरला नाही. तेव्हा जिच्यासाठी ती प्रतिज्ञा झाली होती त्या सत्यवतीनेच, आता प्रतिज्ञा बाजूस ठेव आणि राज्य व वंश सांभाळ, अशी भीष्मांना विनवणी केली. भीष्म मात्र आपल्या शब्दाला धरून राहिले. त्यांच्या निग्रहाची थोरवी निःसंशय आहे. तरीही महाभारतकारांनी ती विनवणी दुसऱ्या कोणाच्या नव्हे, सत्यवतीच्याच मुखी घातली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या कारणासाठी प्रतिज्ञा जन्मास आली ते कारण संपले आणि प्रतिज्ञा तेवढी मागे उरली, तर तिचे काय करावे, हा प्रश्न आपल्या प्राचीन वाङ्मयाला ठाऊक होता आणि त्याने तो दडवून ठेवलेला नाही.

आपल्या प्रतिज्ञा अर्थातच राज्यत्यागाच्या नसतात. कोणी सनदी सेवेत जाण्याचे ठरवितो, कोणी डॉक्टर होण्याचे. कोणी गावी परत जाऊन घर बांधण्याचे, कोणी अमुक वयाच्या आत अमुक पद मिळविण्याचे. ह्यांतील काही हेतू सिद्धीस जातात, पुष्कळसे जात नाहीत. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी दर वर्षी लाखो तरुण अर्ज करतात आणि निवड होते ती हजाराच्या आसपास उमेदवारांची. सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवाराला ३२ वर्षांच्या वयोमर्यादेत सहा वेळा ही परीक्षा देता येते. म्हणजे ऐन उमेदीतली आठदहा वर्षे एका ध्येयाला वाहिल्यानंतर, ते ध्येय कायमचे मिटले असे कळण्याचा दिवस प्रतिवर्षी हजारो बुद्धिमान तरुणांच्या वाट्यास येतो. त्या दिवशी त्यांच्यापुढे उभा राहणारा प्रश्न हा केवळ उपजीविकेचा नसतो. आपण आजवर ज्याच्यासाठी जगलो ते गेले, मग आता आपण कोण, असा तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर ज्याला सापडत नाही तो एकतर कडवट होतो, किंवा आपले अपुरे ध्येय पुढे आपल्या मुलांच्या पाठीवर लादतो. म्हणून ध्येयाची फेरतपासणी ही निवांत बसून करावयाची चर्चा नाही. ती करता येणे वा न येणे ह्यावर माणसांची उरलेली आयुष्ये अवलंबून असतात.

ज्या माणसाचा काळ सरकारी कागदपत्रांत जातो त्याला ह्या बाबतीत एक दाखला सहज सुचतो. सरकारच्या अंदाजपत्रकात प्रत्येक बाबीपुढे आकड्यांचे रकाने असतात. वर्षाच्या आरंभी धरलेला तो अर्थसंकल्पीय अंदाज. वर्ष बरेच सरल्यावर, प्रत्यक्ष जमा आणि खर्च पाहून पुन्हा मांडलेला तो सुधारित अंदाज. आणि मागील वर्षाचे जे खरोखर घडले ते प्रत्यक्ष आकडे. सुधारित अंदाज मांडला म्हणून मूळ अंदाज करणारा खोटा होता असे कोणी म्हणत नाही. उलट तो वेळेवर मांडला नाही तर हिशेबनिसाला जाब विचारला जातो. ज्या निधीचा खर्च होणार नाही असे स्पष्ट दिसते तो वर्ष संपण्यापूर्वीच परत करावा, असाही दंडक आहे. कारण वेळेत परत केलेला पैसा दुसऱ्या गरजेच्या कामी लावता येतो, आणि मार्चअखेरीपर्यंत अडवून ठेवलेला पैसा बहुधा घाईने आणि निष्कारण उडविला जातो. आयुष्याचा अर्थसंकल्प मांडताना आपण पहिला रकाना मोठ्या हौसेने भरतो आणि दुसरा रकाना कोराच ठेवतो. मग अखेरीस तिसरा रकाना समोर आला म्हणजे मूळ आकड्याशी त्याची तुलना करून खिन्न होतो.

ह्या ठिकाणी दोन शब्दांचा अर्थ वेगळा करून घेणे अवश्य आहे. एक हेतू आणि दुसरे उद्दिष्ट. आपणांस कशासाठी झटावयाचे आहे हे हेतू सांगतो. त्यासाठी आज कोणत्या ठिकाणी पोहोचावयाचे हे उद्दिष्ट सांगते. हेतू हा गंगेच्या प्रवाहासारखा, तर उद्दिष्ट हे त्या प्रवाहावरच्या घाटासारखे आहे. नदीने पात्र बदलले म्हणजे घाट कोरडा पडतो. कोरड्या घाटावर बसून राहण्याने नदीची भक्ती सिद्ध होत नाही. नदी जेथे गेली तेथे नवा घाट बांधावा लागतो. ज्यांना आपण दृढनिश्चयी म्हणून ओळखतो त्यांची चरित्रे बारकाईने पाहिली तर हेच दिसते. त्यांचे हेतू सहसा बदलले नाहीत. उद्दिष्टे मात्र त्यांनी अनेकदा, आणि बहुधा किंमत मोजून, बदलली.

महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे १०४ वर्षांचे आयुष्य हे ह्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यांचा जन्म १८५८ चा. कोकणातील मुरुडसारख्या गावी वाढलेल्या ह्या मुलाचे पहिले उद्दिष्ट अगदी लहान होते: मराठी सहावीची सार्वजनिक परीक्षा. तिच्यासाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंतची शंभराहून अधिक मैलांची वाट सह्याद्री ओलांडून त्यांनी पायी तुडविली, आणि तेथे पोहोचल्यावर वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे ते पदवीधर झाले, १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. त्याच साली त्यांच्या पहिल्या पत्नी निवर्तल्या. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत असलेल्या गोदूबाई ह्या विधवेशी विवाह केला आणि गावाचा बहिष्कार पत्करला. त्याच वर्षी त्यांनी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ ही संस्था काढली. विधवांचे दुःख कमी व्हावे हा त्यांचा हेतू, आणि विधवांचे पुनर्विवाह घडवून आणणे हे त्या वेळचे उद्दिष्ट.

दोनच वर्षांत, १८९५ मध्ये, संस्थेचे नाव बदलून ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ असे झाले. विवाहास उत्तेजन देण्याऐवजी त्याच्या वाटेतील अडथळे दूर करणे, असा हा फरक आहे. केवळ शब्दांचा वाटणारा हा बदल म्हणजे अनुभवाने उद्दिष्टात केलेली पहिली दुरुस्ती होती. परंतु तेवढ्याने भागले नाही. पुनर्विवाहास तयार होणाऱ्या विधवा फार थोड्या, आणि तयार नसलेल्या अगणित. त्या अगणित स्त्रियांसाठी आपल्या कार्यात काहीच नाही, हा हिशेब गणिताच्या ह्या अध्यापकाच्या दृष्टीतून सुटला नाही. म्हणून १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, आणि १९०० मध्ये पुण्याजवळ हिंगणे येथे आश्रमाचे काम एका झोपडीत सुरू झाले. आता उद्दिष्ट होते विधवांचे शिक्षण. पुढे असे दिसून आले की, शिक्षणाची गरज विधवांपुरती मर्यादित नाही. तेव्हा १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे येऊन पडली होती. १९१५ मध्ये मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना ती पुन्हा त्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारतातील पहिले महिला विद्यापीठ उभे राहिले. त्या वेळी कर्वे ५८ वर्षांचे होते.

येथेही ते थांबले नाहीत. वयाच्या ७८व्या वर्षी, १९३६ मध्ये, ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे प्राथमिक शिक्षण पोहोचविण्यासाठी त्यांनी मंडळ काढले. १९४४ मध्ये, ८६व्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापन केला. विवाह, आश्रम, विद्यालय, विद्यापीठ, खेड्यांतील शाळा, समता: पाच-सहा वेळा बदललेली ही उद्दिष्टे एका ओळीत मांडली तर वरवर पाहणाऱ्याला त्यांत धरसोड दिसेल. परंतु प्रत्येक नवे उद्दिष्ट मागच्यापेक्षा अधिक माणसांना कवेत घेणारे आहे, आणि प्रत्येक वेळी बदलाचे कारण मागच्या कामाच्या अनुभवातूनच निघालेले आहे. १९५८ मध्ये राष्ट्राने त्यांना भारतरत्न दिले, ते एका अर्थाने ह्या सुधारित अंदाजांच्या साखळीलाच दिले. १८९३ च्या उद्दिष्टाला ते शब्दशः चिकटून राहिले असते, तर एक सुधारक म्हणून त्यांचा आदर झालाच असता. विद्यापीठ मात्र झाले नसते.

ह्याच संस्थेच्या इतिहासात पार्वतीबाई आठवले ह्यांचे नाव येते. त्या कर्व्यांच्या पत्नीच्या भगिनी. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या, पदरी लहान मुलगा असलेल्या ह्या बाईंपुढे त्या काळच्या रूढीने एकच वाट ठेवली होती, ती म्हणजे माहेरी राहून उरलेले दिवस घरकामात कंठणे. त्या हिंगण्यास आल्या, मोठ्या वयात शिकल्या आणि आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करू लागल्या. ह्या कामात इंग्रजीवाचून अडते असे दिसल्यावर चाळिशी उलटून गेलेल्या पार्वतीबाई १९१८ मध्ये एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या, भाषा शिकल्या आणि संस्थेसाठी साहाय्य मिळवून परतल्या. त्यांचे आत्मचरित्र ‘माझी कहाणी’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ध्येयाची फेरमांडणी ही विद्वानांची आणि पुरुषांची मिरासदारी आहे असे ज्याला वाटते, त्याने हे चरित्र डोळ्यांपुढे आणावे.

कर्व्यांचे उदाहरण अनुभवाने शिकविलेल्या बदलाचे; चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांचे उदाहरण स्वतःच्या वृत्तीची ओळख पटल्यामुळे झालेल्या बदलाचे आहे. १९०७ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून एम. ए. झालेल्या ह्या तरुणाची विज्ञानातील गती असामान्य होती. परंतु प्रकृती नाजूक असल्याने विलायतेस जाण्याची वाट वैद्यकीय सल्ल्याने बंद झाली, आणि देशात शास्त्रीय संशोधनावर पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हती. रामन वित्तखात्याच्या परीक्षेत पहिले आले आणि कलकत्त्यास साहाय्यक महालेखापाल म्हणून रुजू झाले. तेथे बहूबाजार रस्त्यावर डॉ. महेंद्रलाल सरकारांनी स्थापन केलेल्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ह्या संस्थेची प्रयोगशाळा त्यांना सापडली. कचेरी उघडण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर ते तेथे काम करू लागले. मध्यंतरी रंगून आणि नागपूर येथे बदल्या झाल्या. तेथेही त्यांनी अभ्यास सोडला नाही. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे पालित प्राध्यापकपद त्यांना देऊ करण्यात आले. पगार जवळजवळ निम्म्यावर येणार होता. रामन ह्यांनी ते पद स्वीकारले. १९२८ मध्ये त्यांचा सुप्रसिद्ध शोध लागला आणि १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ही कथा सांगताना लोक शेवटच्या पारितोषिकावर भर देतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती मधली दहा वर्षे. रामन ह्यांनी नोकरी एका आवेशाच्या क्षणी फेकून दिली नाही. सकाळ-संध्याकाळच्या तासांत त्यांनी आपल्या नव्या उद्दिष्टाची दहा वर्षे परीक्षा पाहिली: ही ओढ थकवा आला तरी टिकते का, बदली झाली तरी टिकते का, कोणी शाबासकी देवो न देवो, टिकते का. ती टिकली, तेव्हा तिच्यासाठी निम्मा पगार सोडण्याचा निर्णय घेणे हे साहस उरले नव्हते. तो एक तपासलेला हिशेब होता. ध्येय बदलू इच्छिणाऱ्या संसारी माणसाला ह्यापरते व्यवहार्य मार्गदर्शन क्वचितच मिळेल. आधी नव्या वाटेवर रोज थोडे चालून पाहावे, आणि मग जुनी सोडावी.

काही वेळा बदलास दुःख कारण होते, आणि काही वेळा सत्य. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या आयुष्यात ही दोन्ही कारणे एकापाठोपाठ आली. १८६० मध्ये मुंबईतील वाळकेश्वर येथे जन्मलेले भातखंडे वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन वकिली करीत होते. संगीत हा त्यांच्या आवडीचा विषय होता. १९०० मध्ये पत्नी आणि १९०३ मध्ये कन्या ह्यांचे निधन झाले. ज्या संसारासाठी वकिली करावयाची तो संसारच उरला नाही. त्यांनी वकिलीचा व्याप आवरला आणि संगीतशास्त्राच्या शोधार्थ देशभर प्रवास आरंभिला. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले, ग्रंथालये धुंडाळली, पंडितांशी वाद-संवाद केला. आज गायिल्या जाणाऱ्या संगीताचा आधार प्राचीन ग्रंथांत सापडावा, ही त्यांची आरंभीची अपेक्षा होती.

तो आधार त्यांना हवा तसा सापडला नाही. जुन्या ग्रंथांतील नियम आणि गवयांच्या कंठातील राग ह्यांचा मेळ बसेना. येथे दुसरा एखादा विद्वान आपल्या मूळ अपेक्षेसाठी ग्रंथांची ओढाताण करता, किंवा निराश होऊन काम सोडून देता. भातखंड्यांनी उद्दिष्टच फिरविले. ग्रंथातून गायकीकडे येण्याऐवजी गायकीतून शास्त्राकडे जावयाचे, असे त्यांनी ठरविले आणि निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांकडून चिजा मिळवून, त्या स्वरलिपीत उतरवून, प्रचारातील रागांची दहा थाटांत व्यवस्था लावली. संगीतशास्त्राच्या परिभाषेत प्रत्यक्ष प्रचारात असलेल्या गायनवादनास ‘लक्ष्य’ म्हणतात आणि नियमांस ‘लक्षण’. भातखंड्यांनी आपल्या संस्कृत ग्रंथाचे नाव ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ असे ठेवले, ह्यात त्यांचा सगळा बदललेला दृष्टिकोन आला. १९१६ मध्ये बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९२६ मध्ये लखनौस संगीत महाविद्यालय निघाले. त्या संस्थेचे आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले आहे. त्यांच्या थाटपद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले, आजही घेतले जातात. परंतु एका मुंबईकर वकिलाने वयाच्या चाळिशीनंतर आपले लक्ष्य दोनदा बदलले नसते, तर उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या हजारो विद्यार्थ्यांना हाती धरण्यास पाठ्यपुस्तक मिळाले नसते.

बदलाचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे केवळ परिस्थिती. होमी भाभा केंब्रिजला संशोधन करीत होते. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असता युरोपात महायुद्ध पेटले आणि परतण्याची वाट बंद झाली. ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. आरंभी ही तात्पुरती सोय होती. परंतु तेथील वास्तव्यात त्यांच्या मनाने वेगळा कौल दिला, आणि १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत विज्ञानाच्या संशोधनसंस्थेची योजना मांडली. १९४५ मध्ये ती संस्था सुरू झाली. युद्ध संपले, बंद वाट पुन्हा मोकळी झाली. तोवर त्यांनी स्वतःच येथे राहण्याचे ठरविले होते. परिस्थितीने लादलेली गोष्ट स्वतःच्या निवडीत रूपांतरित करणे, ही फेरमांडणीची सर्वांत अवघड आणि सर्वांत नित्याची रीत आहे. आजारपण, आईवडिलांची जबाबदारी, बुडालेला धंदा, अकल्पित बदली ही आपणां सामान्य माणसांची महायुद्धेच असतात.

आपल्या पूर्वजांनी आयुष्याचे चार आश्रम कल्पिले, त्यांतही हेच सूत्र आहे. ब्रह्मचाऱ्याचे कर्तव्य गृहस्थाचे नव्हे आणि गृहस्थाचे वानप्रस्थाचे नव्हे, हे त्यांनी गृहीतच धरले. मात्र त्या काळी ही योजना फार थोड्यांच्या वाट्याला पूर्णपणे येत असेल. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. केंद्र सरकारच्या सेवेतील निवृत्तीचे वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ आणि १९९८ मध्ये ६० झाले; आणि त्यानंतरही पंधरावीस वर्षांचे धडधाकट आयुष्य पुष्कळांपुढे असते. इतके लांब आयुष्य तारुण्यात केलेल्या एकाच संकल्पावर चालविणे म्हणजे एका शिदोरीवर चारी धामांची यात्रा करण्यासारखे आहे. वाटेत पुन्हा शिधा घ्यावाच लागतो.

आता शंका अशी येईल की, अशा रीतीने ध्येय बदलण्याची मुभा दिली तर आळशी माणसाला ते आयतेच निमित्त सापडेल. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर वरील चरित्रांतच आहे. धरसोड करणारा मनुष्य थकव्याच्या किंवा अपमानाच्या क्षणी ध्येय टाकतो. फेरतपासणी करणारा हिशेब समोर मांडून ते बदलतो. म्हणून पराभवाच्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नये; निदान काही महिने जाऊ द्यावेत. दुसरे असे की, धरसोडीत नवे उद्दिष्ट नेहमी जुन्यापेक्षा सोपे असते. कर्व्यांचे प्रत्येक नवे काम अधिक कष्टाचे होते, रामन ह्यांना पगार सोडावा लागला, भातखंड्यांना आपली आवडती समजूत सोडावी लागली. जे नवे उद्दिष्ट आपल्यापाशी काहीच मागत नाही, त्याविषयी सावध राहावे. आणि तिसरे, आपला मूळ हेतू एका वाक्यात सांगता येतो का, आणि ते वाक्य बदलापूर्वी व बदलानंतर तेच राहते का, हे पाहावे. ‘मला जिल्हाधिकारी व्हावयाचे आहे’ हे उद्दिष्ट आहे. ‘लोकांची अडलेली कामे मार्गी लागावीत ह्यासाठी मला काम करावयाचे आहे’ हा हेतू आहे. ज्या तरुणाच्या ध्यानी हा हेतू आला, त्याला परीक्षेचे दार बंद झाल्यावरही शिक्षक, वकील, पत्रकार, सहकारी संस्थेचा चिटणीस अशी अनेक दारे उघडी दिसतील. आणि तपासाअंती, आपल्याला लोकांच्या कामापेक्षा पदाच्या मानाचेच आकर्षण होते असे ज्याला आढळेल, त्यालाही ते कळणे हिताचेच आहे.

ह्या तपासणीत एका गोष्टीचे विस्मरण होऊ नये. आपले संकल्प आपण एकट्याने करतो. त्यांचा खर्च मात्र घरातील सर्वांनी सोसलेला असतो. पतीच्या पदोन्नतीसाठी जिने दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलविले, तिचेही काही संकल्प त्या सामानात बांधले गेले आणि पुन्हा कधी सोडले गेले नाहीत, असे अनेक घरांत घडते. म्हणून सुधारित अंदाज मांडताना तिचा रकाना वेगळा असावा, आणि तो तिने स्वतः भरावा. मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. आपले अपुरे राहिलेले उद्दिष्ट मुलाच्या नावावर वर्ग करणे हा निधीचा गैरवापर आहे. त्या खात्याचा धनी वेगळा आहे. बापाला डॉक्टर होता आले नाही म्हणून मुलाने व्हावे, ह्यासारख्या हट्टाने किती घरांतील बोलणे-चालणे थांबले आहे, हे आपण सर्वजण जाणतो. जो बाप आपले ध्येय स्वतःच नीट मिटवितो किंवा नव्याने मांडतो, तो मुलाला फार मोठा वारसा देतो. मुलाला स्वतःचा पहिला रकाना कोरा मिळतो.

हे सारे करण्यास फार साधन लागत नाही. वर्षातून एक दिवस, मग तो पाडव्याचा असो, वाढदिवसाचा असो की आर्थिक वर्ष संपल्यानंतरची एखादी रिकामी संध्याकाळ असो, कागद घेऊन बसावे. आपण कशासाठी झटत आहो, हे एका वाक्यात लिहावे. त्यासाठी धरलेली उद्दिष्टे त्याखाली लिहावीत. ह्यांपैकी कोणते अजून जिवंत आहे, कोणते केवळ लाजेखातर सांभाळले आहे, आणि कोणते पूर्ण होऊनही त्याची नोंद करण्याचे आपण विसरलो आहो, हे प्रत्येकासमोर खरेपणाने मांडावे. ह्या शेवटच्या रकान्यात अपेक्षेपेक्षा अधिक नोंदी निघतात, असे पुष्कळांना आढळून येईल. जे मिटवावयाचे ते कृतज्ञतेने मिटवावे, कारण त्याने आपल्याला येथवर आणलेले असते. मग नवे काय धरावयाचे ते लिहावे, आणि त्याच्यासाठी उद्या सकाळचा कोणता अर्धा तास देणार, तेही लिहावे. एवढा अर्धा तास ज्याला सापडला, त्याचा सुधारित अंदाज मंजूर झाला असे समजण्यास हरकत नाही.